उजेड हवा, ऊन नको!

मे महिना सरत आला की रायपूरकरांना 'नवतपा'ची धास्ती वाटू लागते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस उन्हाचा नुसता कहर! पारा सहज 44 अंशांपर्यंत चढतो. जुन्या घरांत जाड भिंती असत, लहान खिडक्या आणि त्यांवर पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्या. नव्या वसाहतींत मात्र भिंतभर काचा आल्या. मग भर दुपारी पडदे ओढायचे, आत ट्यूबलाइट लावायची आणि वर कूलर नाहीतर एसी. बाहेर लख्ख उजेड असताना घरात विजेचे बिल वाढवण्याचा हा उद्योग!

खरे तर उजेड आणि ताप वेगळे करता येतात. उन्हातून येणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. तेवढीच काचेवर अडवली तर खोली उजळ राहील आणि तापेलही कमी. साधी काळी फिल्म हा निवडेपणा करत नाही. ती उजेडही खाते. मोटारींच्या काचांवरच्या अशा काळ्या फिल्मवर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, ती आत कोण बसले आहे हे दिसत नाही म्हणून.

निवडून अडवण्याची ही कला धातूच्या अतिसूक्ष्म कणांना साधते. 20 नॅनोमीटरचा सोन्याचा कण घ्या. असे 50 हजार कण ओळीने मांडावेत तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल. इतके लहान झाले की सोने पिवळे राहतच नाही, माणकासारखे लाल दिसते. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या धक्क्याने झोपाळ्यासारखे हेलकावतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला तरच तो चढतो. तसेच ज्या रंगाची लय या हेलकाव्याशी जुळते, तोच रंग कण शोषून घेतो. गोल सोन्याचा कण हिरवा गिळतो, म्हणून आपल्याला लाल दिसतो. चांदीचा कण जांभळा-निळा गिळून पिवळा दिसतो. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्ये सोन्याचे असे लाल द्रावण करून त्याचा रंग कणांच्या बारीकपणामुळे येतो, हे ओळखले होते. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी लालसर रेघ बहुधा याच सोन्याची असते, हे किती गृहिणींना ठाऊक असेल?

पण हे कण भलतेच संगतीवेडे. एकमेकांना चिकटले की रंग निळसर होतो आणि अखेर सगळा गाळ खाली बसतो. त्यांना दूर दूर ठेवायला पॉलिमर कामी येतो. डिंकासारख्या, पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये कण मिसळायचे, मिश्रण सपाट काचेवर ओतायचे आणि वाळू द्यायचे. ताटात आंबापोळी घालतो ना, अगदी तसेच! कण जागच्या जागी अडकतात आणि पारदर्शक रंगीत पापुद्रा हाती येतो. धातूचा सलग मुलामा असलेल्या फिल्ममुळे मोबाइलचे किंवा फास्टॅगचे संदेश अडखळू शकतात. सुट्या कणांच्या फिल्ममध्ये ती अडचण नाही, कारण वीज वाहायला सलग वाटच नसते.

आता लाल किंवा पिवळी खिडकी काही उन्हाळ्याला उपयोगाची नाही. शोषण अवरक्तात न्यायचे तर कणाचा आकार बदलावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केले, तेही गवती चहाने! पाती उकळून काढलेला अर्क त्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात घातला आणि चपटे त्रिकोणी कण तयार झाले. 2004 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. असे त्रिकोण अवरक्त किरण शोषतात. अर्काचे प्रमाण बदलून हे शोषण कमीजास्त करता येते, आणि काचेवर त्यांचा थर देऊन ऊन अडवता येईल, हेही या मंडळींनी पुढच्या वर्षी मांडले.

मग रायपूरच्या बाजारात सोन्याची खिडकी का दिसत नाही? किंमत हे एक कारण. दुसरे असे की शोषलेली उष्णता कुठे जाणार? काच स्वतःच तापते आणि त्यातला काही ताप घरात सोडते. फार तापली तर तडकतेही. परतवणारा थर म्हणूनच शोषणाऱ्यापेक्षा सरस ठरतो. दुकानांत 'नॅनो' नावाने मिळणाऱ्या फिल्ममध्ये बहुधा सोने-चांदी नसते, धातूंची ऑक्साइडे असतात. त्यांचेही काम चांगले असते, पण दुकानदार उष्णतेच्या दिव्यासमोर फिल्म धरून दाखवतो तेव्हा दिपून जाऊ नये. तो दिवा मुख्यतः अवरक्त किरणच सोडतो, ऊन नव्हे. एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के अडते आणि उजेड किती टक्के आत येतो, हे दोन आकडे विचारून घ्यावेत. आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा ताटी लावायची सोय असेल, तर आधी ती लावून पाहावी. काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडवलेले ऊन ना काच तापवते, ना खोली.