वातानुकूलन यंत्र सुरू का होत नाही?

‘यंत्र सुरू होत नाही’ हे एकच वाक्य आपण तीन अगदी निराळ्या स्थितींविषयी उच्चारतो. कधी यंत्रावर एकही दिवा उजळत नाही. कधी दिवा उजळतो, परंतु रिमोटच्या आज्ञेला यंत्र दाद देत नाही. आणि कधी खोलीतील भागाचा पंखा वारा घालीत राहतो, मात्र बाहेर भिंतीवर टांगलेला भाग निश्चल असतो. तिन्हींची कारणे भिन्न आहेत. आपल्यापुढे यांपैकी कोणती स्थिती आहे, हे निश्चित केले तरी शोधाचा निम्मा मार्ग संपला, असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय एक गोष्ट प्रारंभीच ध्यानी घ्यावी: पुष्कळ प्रसंगी यंत्र बिघडलेले नसते, तर स्वतःच्या अथवा घराच्या रक्षणासाठी ते थांबलेले असते. अशा वेळी त्याला बळेच चालविण्यानेच खरा बिघाड उद्भवतो.

एकही दिवा उजळत नसेल तर विजेच्या वाटेने पाहत जावे. शेजारच्या घरी वीज आहे काय? असल्यास आपल्या फळीवरील एम.सी.बी.चा खटका पाहावा. तो पडला असेल तर पूर्णपणे खाली ओढून मग एकदाच वर करावा. वर करताक्षणीच तो पुन्हा पडला, तर कोठेतरी तारांचा परस्परांशी किंवा भूमीशी थेट संबंध आला असण्याचा संभव असतो; काही मिनिटांनी पडला, तर प्रवाह मर्यादेबाहेर जात आहे असे समजावे. दोन्ही प्रसंगी दुसऱ्यांदा प्रयत्न करू नये. आणि खटका वारंवार पडतो म्हणून त्या जागी अधिक अँपिअरचा खटका बसविणे, किंवा जुन्या घरांत फ्यूजला जाड तार बांधणे, हा उपाय नव्हे. भिंतीतील तारेची जाडी पूर्वीच्याच प्रवाहाला पुरणारी असते. खटका पडावयाचे थांबते आणि तार तापू लागते, इतकाच फरक होतो. आग लागते ती अशा तारेपासून.

खटका ठीक असेल तर प्लग व त्याची खोबणी पाहावी. दीड टनाच्या यंत्राचे वजन दीड टन नसते, हे सांगावयास नकोच. अमेरिकेतील एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम, बर्फ २४ तासांत वितळविण्यास जी उष्णता लागते, तीवरून हे माप निघाले. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचे यंत्र खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसते आणि त्यासाठी साधारणतः सात अँपिअर प्रवाह घेते. प्लगची पिन खोबणीत सैल बसली आणि तेथे अवघा अर्धा ओम रोध निर्माण झाला, तर ७ × ७ × ०.५ या हिशेबाने त्या चिमुकल्या जागी सुमारे २५ वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर डाख देण्यासाठी जी विजेची सळई वापरतो, तीही बहुधा एवढ्याच शक्तीची असते! प्लग काळवंडला असेल, करपल्याचा वास येत असेल, तर मुख्य कळ बंद करून दोन्ही वस्तू बदलवून घ्याव्यात; पिना घासून पुन्हा बसवू नयेत.

येथे टेस्टरविषयी एक सूचना करणे अगत्याचे आहे. टेस्टरचा दिवा उजळला म्हणजे वीज आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः फेजच्या तारेत दाब आहे एवढेच तो सांगतो. न्यूट्रलची तार तुटलेली असली तरी तो उजळतो. २३० व्होल्टच्या ऐवजी दीडशेच व्होल्ट येत असले तरीही उजळतो. उन्हाळ्यात सायंकाळी गल्लीतील सारी यंत्रे एकदम चालू झाली की दाब उतरतो आणि स्टॅबिलायझर यंत्राचा पुरवठा तोडतो. तो आपले काम बजावीत असतो. दाब सुधारेपर्यंत थांबणे हेच श्रेयस्कर.

दुसऱ्या स्थितीचा विचार थोडक्यात उरकता येईल. रिमोटमधील सेल बदलून पाहावे. त्याचा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, परंतु पुष्कळ मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून पाहिल्यास कळ दाबताच जांभळट ठिणगी दिसते. बहुतेक यंत्रांच्या पुढील झाकणाखाली एक लहानसे बटण असते; ते दाबून यंत्र चालू झाले, तर दोष बहुधा रिमोटकडे आहे.

तिसरी स्थिती मात्र बारकाईने समजून घेण्याजोगी आहे. प्रथम तापमानाचा आकडा पाहावा. खोली २३ अंशांवर असून यंत्राला २४ अंशांची आज्ञा दिली असेल, तर कॉम्प्रेसर चालण्याचे कारणच नाही. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात तारांकित यंत्रे २४ अंशांवर लावूनच तयार केली जातात, हे येथे लक्षात ठेवावे. आज्ञा बरोबर असूनही बाहेरचा भाग हलत नसेल, तर घड्याळाकडे पाहावे. वीज नुकतीच जाऊन आली आहे काय?

यंत्र चालू असताना कॉम्प्रेसरच्या एका बाजूस वायूचा दाब दुसऱ्या बाजूच्या दुपटीहून अधिक असतो. यंत्र थांबले की तो दाब अरुंद नळीतून हळूहळू दोहोंकडे सारखा होतो आणि त्यास काही मिनिटे लागतात. त्यापूर्वीच साध्या, एकाच वेगाने चालणाऱ्या कॉम्प्रेसरला वीज दिली, तर त्याची मोटार त्या दाबाविरुद्ध फिरू शकत नाही. अडून राहिलेली मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते व तिची वेटोळी तापतात. यास्तव नव्या यंत्रांत सुमारे तीन मिनिटे थांबण्याची योजना केलेली असते. ज्याला ही योजना ठाऊक नाही, तो अधीर होऊन कळ पुनःपुन्हा बंद-चालू करतो आणि प्रत्येक वेळी ती तीन मिनिटे नव्याने मोजली जातात! जुन्या, फिरत्या खुंटीच्या खिडकी-यंत्रांत अशी योजना बहुधा नसते. तेथे थांबण्याचे काम माणसालाच करावे लागते. मोटार फार तापली, तर तिच्याजवळची दोन धातूंची पट्टी वाकून प्रवाह तोडते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांवर असता, ती पट्टी निवून पूर्ववत् होण्यास अर्धा-पाऊण तासही लागू शकतो.

बाहेरच्या भागातून नुसता घुमल्यासारखा आवाज येऊन तो पुन्हा बंद पडत असेल, तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. घरगुती एक-फेजी विजेचे चुंबकीय क्षेत्र स्पंदते, फिरत नाही. केवळ त्याच्या बळावर अशी मोटार आपणहून फिरू लागत नाही. कपॅसिटर मोटारीच्या दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाह किंचित मागेपुढे करतो व त्यामुळे क्षेत्राला फिरकी मिळते. कपॅसिटर क्षीण झाला की मोटार घुमते, फिरत नाही. हा बदलण्याचा खर्च यंत्राच्या मानाने अल्प असतो. परंतु तो स्वतः बदलण्याचे धाडस करू नये. कळ बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युत्भार साठून राहतो. इन्व्हर्टर जातीच्या यंत्रांत तर २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत होते आणि ती काही काळ तेथेच दबा धरून असते. तिचा धक्का प्राणावर बेतू शकतो. शिवाय हल्ली प्रचारात असलेला आर-३२ हा वायू सौम्य ज्वालाग्राही आहे. म्हणून बाहेरच्या भागाचे झाकण उघडणे हे काम जाणत्या कारागिराचेच.

त्या झाकणाखाली कधी कधी भलताच अपराधी सापडतो. उबेच्या ओढीने पाल किंवा मुंग्यांची रांग आत शिरते आणि दोन जोडांच्या मध्ये चिरडून विजेची वाट अडविते. कारागीर आल्यावर त्याने पाटी पुसण्यापूर्वीच खालील माहिती त्याला द्यावी: दिवा उजळतो की नाही, वीज केव्हा गेली होती, खटका किती वेळाने पडला, आणि आवाज घुमण्याचा होता की मुळीच नव्हता.