पैसा दुप्पट, वेळही दुप्पट

१९८५ मध्ये रोटरीने ‘पोलिओप्लस’ मोहीम जाहीर केली तेव्हा निधीचे उद्दिष्ट १२ कोटी डॉलरचे होते. १९८८ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनापर्यंत २४.७ कोटी जमले, म्हणजे उद्दिष्टाच्या २०६ टक्के. जगातून पोलिओ संपवण्याची मुदत होती २००५, संस्थेच्या शताब्दीचे वर्ष. ती २० वर्षांची मुदत संपून आणखी २० वर्षे गेली, तरी दोन देशांत नैसर्गिक पोलिओ विषाणूचा फैलाव थांबलेला नाही. निधी ठरल्याच्या दुप्पट आला, वेळही ठरल्याच्या दुप्पट गेला. एकूण देणगी आज २६० कोटी डॉलरच्या पुढे आहे. मूळ अंदाजाच्या ती जवळपास २२ पट भरते.

अंदाज इतका का चुकला, याचे उत्तर पहिल्याच प्रयोगात सापडते. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपाइन्समधील ६० लाख मुलांच्या लसीकरणासाठी ७ लाख ६० हजार डॉलर देण्याचे ठरवले. मुलामागे हिशेब होतो १३ सेंटचा. या दराने जग गुणले की रक्कम आवाक्यातली वाटते. पण हा दर सहज पोहोचता येणाऱ्या मुलाचा होता. खर्च वाढवला तो न सापडणाऱ्या मुलाने.

१९८८ मध्ये जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले पोलिओने पंगू होत होती, १२५ देशांत. २०२१ मध्ये नैसर्गिक विषाणूच्या रुग्णांची संख्या ६ वर आली. याचे श्रेय एका संस्थेचे नाही. जागतिक मोहिमेचे संस्थापक भागीदार चार: जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र आणि रोटरी. चौघांत सदस्यांच्या वर्गणीवर चालणारी संस्था एकच.

भारतातले प्रमाण पाहिले की रोटरीचा वाटा नेमका दिसतो. पल्स पोलिओच्या ऐन काळात एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना डोस दिला जाई. त्यासाठी सुमारे २४ लाख लसीकरण कर्मचारी आणि दीड लाख पर्यवेक्षक लागत. एका कर्मचाऱ्यामागे ७१ मुले आली. लसीचे डोस मात्र साडेबावीस कोटी लागत, कारण फोडलेल्या कुपीतले उरलेले थेंब वाया जाणार हे गृहीतच होते. देशातले रोटेरियन तेव्हा लाखाच्या थोडे वर होते. त्यातला प्रत्येक जण रविवारी बूथवर आला असता तरी मनुष्यबळात त्यांचा वाटा ४ ते ५ टक्क्यांपलीकडे गेला नसता. (आणि प्रत्येक जण आला नाही, हे क्लबच्या सभेला गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.) थेंब पाजणारे बहुतेक हात अंगणवाडी सेविका, आशा आणि परिचारिकांचे होते.

मग या ४ टक्क्यांनी केले काय? फेरीत घराघरांवर खडूने खूण होत असे. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’. मूल बाहेर, घर बंद किंवा नकार असेल तर ‘एक्स’. १७ कोटींपैकी २ टक्के मुले सुटली तरी ती ३४ लाख होतात. त्यात उत्तर प्रदेशात महिन्याला सुमारे ५ लाख नवी बाळे जन्माला येत, म्हणजे आजची शंभर टक्के यादी पुढच्या महिन्यात अपुरी ठरे. सरकारी यंत्रणेला ‘पी’ वाढवता येत होते. ‘एक्स’ पुसायला ओळखीचा माणूस लागे. रोटरीने उत्तर प्रदेशात उलेमांची, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांची, समिती उभी केली ती यासाठी. मशिदीतून आलेला शब्द जिथे चालला, तिथे जिल्हाधिकाऱ्यांचे परिपत्रक चालले नव्हते.

आता भारताचा रुग्णतक्ता. २००१: २६८. २००२: १,६००. एका वर्षात सहापट. आधी आकडा खाली आलेला पाहून फेऱ्यांची व्याप्ती कमी केली होती, त्याची ही किंमत. २००५: ६६. २००६: ६७६. पुन्हा दहापट. दोन्ही उड्या नीचांकानंतरच्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे.

सर्वात चकवणारे वर्ष २००७. रुग्ण ६७६ वरून ८७४ झाले, म्हणजे २९ टक्के वाढ. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात हे अपयश होते. फोड केली की चित्र उलटते. विषाणूच्या पहिल्या प्रकाराचे रुग्ण ६४८ वरून ८३ वर आले, ८७ टक्के घट. वाढला तो तिसरा प्रकार, २८ वरून ७९१. पहिला प्रकार दूरवर पसरतो आणि अधिक मुलांना पंगू करतो, म्हणून त्याच्यावरच नेम धरणारी एकप्रकारी लस आधी वापरली गेली. तेवढ्यात तिसऱ्याला रान मोकळे मिळाले. एकूण बेरीज वाईट, घटक चांगला. असा तक्ता हाती घेऊन देणगीदारापुढे उभे राहणे सोपे नसते.

२००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते, जगातल्या १,६०४ पैकी ४६ टक्के. त्यातले ७१९ एकट्या उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये, म्हणजे ९७ टक्के. आणखी बारकाईने पाहता पहिल्या प्रकाराचा विषाणू मुख्यतः १०७ तालुकावजा विकासगटांत घुटमळत होता: ६६ उत्तर प्रदेशात, ४१ बिहारमध्ये. जानेवारी २०१० मध्ये दोन्ही प्रकारांवर चालणारी द्विप्रकारी लस आली. त्या वर्षाचे रुग्ण ४२, घट ९४ टक्के. पण वाटणी बदलली. उत्तर प्रदेश १० आणि बिहार ९, मिळून ४५ टक्के. महाराष्ट्रात ५, म्हणजे १२ टक्के. विषाणू घर सोडून निघाला होता आणि आपल्याकडे पोहोचला होता. ‘पोलिओ तिकडचा’ म्हणून बूथवर खुर्च्या टाकून बसलेल्या क्लबांसाठी हा ५ चा आकडा पुरेसा होता.

शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. २७ मार्च २०१४ ला भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

या सगळ्यात रोटरीचे एक वेगळेपण कोणत्याही तक्त्यात येत नाही. क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते; अध्यक्ष दरवर्षी नवा. सेवाभावी क्लबांचा हा जुनाच रोग: नवा अध्यक्ष, नवा प्रकल्प, जुन्याचा फलक गंजतो. पोलिओप्लस ४० अध्यक्षांना पुरून उरला. पैशापेक्षा हे सातत्य दुर्मीळ.

अलीकडचा हिशेब. २०२३ मध्ये जगात नैसर्गिक विषाणूचे १२ रुग्ण होते, २०२४ मध्ये ९९. आठपट. पाकिस्तान ६ वरून ७४, अफगाणिस्तान ६ वरून २५. २०२४ ची १९८८ शी तुलना केली तर घट ९९.९७ टक्के, २०२३ शी केली तर वाढ ७२५ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. रोटरीने बरीच वर्षे वार्षिक निधीचे उद्दिष्ट ५ कोटी डॉलर ठेवले, त्यावर गेट्स फाउंडेशनची दुप्पट भर, एकूण १५ कोटी. ही रक्कम ९९ रुग्णांनी भागली तर रुग्णामागे १५ लाख डॉलर होतात आणि खर्च उधळपट्टी वाटतो. पण पैसा रुग्णावर खर्च होत नाही, न झालेल्या रुग्णावर होतो. ६६ चे ६७६ एका वर्षात झाले, तो भारताचाच तक्ता आहे.

क्लबच्या वार्षिक अहवालात शिबिरे किती, लाभार्थी किती, वाटलेल्या वह्या किती, हे छापलेले असते. सुटलेले किती, हा रकाना नसतो. पोलिओत निकाल त्याच रकान्याने लावला. यंदा अहवाल लिहिणाऱ्या सचिवांनी तो वाढवावा.