घट्टे पडलेले हात आणि येणारं राज्य

येशूच्या जन्माआधीच रोमन जगाला आपला तारणारा मिळाला होता. इ.स.पू. ९ च्या सुमाराच्या, आशिया मायनरमधल्या प्रिएने इथल्या शिलालेखात हा मान सम्राट ऑगस्टसला दिला आहे. तिकडे इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपीने यरुशलेम घेतल्यापासून कित्येक यहुदी दाविदाच्या वंशातल्या राजाची वाट पाहत होते. तो येईल आणि परक्यांना हाकलून देईल, ही त्यांची आस. त्यामुळे येशूला मशीहा, म्हणजे तोच अपेक्षित राजा, म्हणणं हा निव्वळ देवघरातला मामला कधीच नव्हता. रोमने त्याला क्रूसावर चढवलं तेही ‘यहुद्यांचा राजा’ हा आरोप लावूनच.

लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या आईच्या, मरियेच्या, गीतातला देव सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढतो, भुकेल्यांना जेवू घालतो. त्याच पुस्तकाच्या शेवटी पापांची क्षमा आहे. दोन्ही गोष्टी एकाच हाताने लिहिलेल्या आहेत. नंतरच्या वाचकांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं, असं मला ठामपणे वाटतं. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याच्या हातून यरुशलेमचं मंदिर जळालं. पुढे बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या लेखकाने रोमला ‘बाबेल’ म्हणून तिच्या पतनाचं चित्र रंगवलं.

दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हेगेसिप्पस याने सांगितलेली एक हकिकत चर्चचा इतिहासकार युसेबियसने जपून ठेवली आहे. येशूचा भाऊ यहूदा याच्या नातवांना दाविदाचे वंशज म्हणून सम्राट डोमिशियनपुढे उभं केलं गेलं. मालमत्ता किती? दोघांत मिळून ३९ प्लेथ्रा (जमीन मोजण्याचं ग्रीक माप) जमीन, तीही स्वतः कसायची. पुरावा म्हणून त्यांनी घट्टे पडलेले हात पुढे केले. राज्याबद्दल विचारल्यावर म्हणाले, ते स्वर्गीय आहे, युगाच्या अंती येईल. सम्राटाने त्यांना क्षुल्लक समजून सोडून दिलं. पण त्याच उत्तरात त्यांनी हेही सांगितलं होतं की, ख्रिस्त येऊन जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करील. त्या न्यायातून सम्राट वगळलेला नव्हता. हे उत्तर मला मुळीच निरुपद्रवी वाटत नाही.

इ.स. १५५ च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिननेही तेव्हाच्या सम्राटाला लिहिलं, आमचं राज्य माणसांचं नव्हे. बिशप इरेनियस मात्र याच पृथ्वीवर पिकाने ओसंडणाऱ्या राज्याची वाट पाहत राहिला.

इ.स. ३२५ मध्ये ख्रिस्ती धर्माला पाठीशी घालणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाईनने बिशपांना मेजवानी दिली. नंग्या तलवारींच्या पहाऱ्यातून बिशप निर्धास्त आत गेले आणि युसेबियसला त्यात ख्रिस्ताच्या राज्याचं चित्र दिसलं. पृथ्वीवरच्या राज्याची आशा धरणाऱ्या जुन्या काळच्या बिशप पापियासला अल्पबुद्धी ठरवणारा तो हाच युसेबियस.