जुन्या जीपचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तूची डागडुजी निराळी आणि तिचा जीर्णोद्धार निराळा. डागडुजी करणाऱ्यास वस्तू पुन्हा कामास लागली म्हणजे पुरे. जीर्णोद्धार करणाऱ्यास ती मुळात होती तशी हवी असते. बेळगाव-निपाणीच्या टापूत एखाद्या वखारीच्या आडोशास वर्षानुवर्षे उभी राहिलेली जीप घरी आणणाऱ्याने या दोहोंपैकी आपणांस काय करावयाचे आहे, हे पहिला पाना उचलण्यापूर्वीच ठरवावे. पुढे ते ठरविणे महाग पडते.

जीपचा जन्म युद्धासाठी झाला. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली. बॅंटम नावाच्या लहानशा कंपनीने पहिला नमुना सिद्ध केला. पण उत्पादनाचा मोठा वाटा विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांकडे गेला आणि १९४५ पर्यंत त्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी विलीजच्या जीपा मुंबईत जोडू लागली आणि पुढील दशकात त्या येथेच बनू लागल्या. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा खेडोपाडी सरकार पोहोचले ते बहुधा जीपमधूनच. निपाणीकडची काळी जमीन पहिल्या पावसातच चाक धरून ठेवते आणि खानापूरच्या बाजूस पावसाळ्यात वाट व ओढा यांत फारसा भेद उरत नाही. अशा मुलखात चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचे महत्त्व कोणास समजावून सांगावे लागले नसेल.

तेव्हा आपल्या अंगणात आलेली जीप नेमकी कोणती, हे आधी ओळखले पाहिजे. युद्धकाळातील गाडीच्या दर्शनी जाळीला बहुधा नऊ उभ्या फटी असतात, दिवे जाळीच्या आत दडलेले असतात, पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि जादा चाक पाठीमागे. नागरी जीपचे दिवे मोठे व पुढे आलेले, जादा चाक कुशीला आणि मागील फळी उघडणारी. भारतात दीर्घकाळ बनलेली सीजे-३बी तर दुरूनही ओळखू येते, कारण तिचे बॉनेट उंच आहे. विलीजच्या जुन्या इंजिनात सर्व व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत; नव्या ‘हरिकेन’ इंजिनात पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. काही जणांना ते कुरूप वाटते. पण त्या उंचीला कारण आहे, आणि कारण असलेली कुरूपता सहन होते.

फोर्डने बनविलेल्या जीपची खूण अधिक गमतीची आहे. त्या कंपनीने कित्येक भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धा, आपले ‘एफ’ हे अक्षर उठविले होते. फोर्डच्या चासीचा क्रमांक चासीवरच कोरलेला असतो, तर युद्धकालीन विलीजचा क्रमांक आतील बाजूस रिव्हेट केलेल्या पट्टीवर आढळतो. गंज खरवडताना ही पट्टी हरवू देऊ नये. तिच्यावाचून गाडीची वंशावळ सिद्ध करणे कठीण.

गाडी उकलताना घाई हा पहिला शत्रू. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, बोल्ट ज्या जागेचे त्या जागेच्या नावाने डब्यात ठेवावेत. या गाडीचे आटे अमेरिकन इंची मापाचे आहेत. जवळपास बसणारा मिलिमीटरचा पाना लावला की बोल्टाचे कोपरे झिजतात आणि मग छिन्नीवाचून गत्यंतर राहत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते नेहमीच्या दिशेने सोडविण्यासाठी जोर करणाऱ्याच्या हाती शेवटी तुटलेला स्टड येतो.

पत्र्याचे काम वरून दिसते त्याहून खोल असते. युद्धकालीन जीपच्या तळपत्र्याखाली आधाराच्या पन्हळी पट्ट्या आहेत आणि त्यांत लाकूड बसविलेले असे. या लाकडाने पाणी धरले, पत्रा आतून कुजला. वरून लांबी भरून रंग दिला म्हणजे दोन पावसाळे निभावतात, परंतु हा जीर्णोद्धार नव्हे. कुजलेला तेवढाच भाग कापून त्याच जाडीचा पत्रा कडेला कड भिडवून जोडावा. संपूर्ण नवी बॉडी बाजारात मिळते हे खरे. ती चढविल्यावर जुन्या गाडीपैकी काय उरले, याचा विचार मालकानेच करावा.

इंजिनाच्या बाबतीत या प्रश्नाला अधिक धार येते. पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जीपांतील मूळ इंजिने काढून तेथे डिझेल इंजिने बसविण्यात आली. ज्यांनी हे केले त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना गाडी पोटासाठी चालवावयाची होती. पण मूळ ब्लॉक भंगारात गेला असेल तर त्याच जातीचा दुसरा शोधावा लागतो. ब्लॉकला तडा असल्यास सरसकट वेल्डिंग करू नये. बिडाचे ओतीव काम असमान तापते आणि शेजारीच नवी तड जाते. चिरेवर धातूच्या खिळ्यांची ओळ ठोकून ती शिवण्याची रीत अधिक भरवशाची. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम व लेथकाम जाणणारे हात आहेत, हे या भागातील शौकिनांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

सुट्या भागांची टंचाई वाटते तेवढी नाही, कारण याच घराण्याच्या गाड्या आपल्याकडे अनेक दशके बनत राहिल्या. मुंबईच्या चोरबाजारापर्यंत शोध घेता येतो. अडचण आहे ती निवडीची. मूळ झिजलेला भाग दुरुस्त करावा, जुना पण न वापरलेला मिळवावा, की नवी नक्कल घ्यावी? कार्ब्युरेटर, दिवे, घड्याळपट्टी यांसारख्या गोष्टी शक्यतो मूळच्याच ठेवाव्यात. रबराच्या बाबतीत मात्र हट्ट नको. २०२५ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आहे. जुन्या पेट्रोलपंपाचा पडदा आणि नळ्या त्यात फुगतात व चिरतात. तेथे इथेनॉल सोसणारे नवे रबरच घालावे.

ब्रेक आणि स्टिअरिंग यांत तर भावनेला मुळीच वाव नाही. चारही चाकांच्या ब्रेकना एकच मास्टर सिलिंडर आहे. एका नळीला गळती लागली की चारही ब्रेक जातात. तवंदीचा घाट उतरताना ही गोष्ट कळून उपयोग नाही. नळ्या, वॉशर, सिलिंडरची रबरे सर्व नवी घालावीत. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. वेगात पुढची चाके थरथरू लागली तर दोष बहुधा किंगपिनच्या बेअरिंगांत किंवा स्टिअरिंगच्या मधल्या सांध्यात असतो. झीज काढून शिम योग्य बसविल्यास थरथर थांबते.

रंगाचा प्रश्न चमत्कारिक आहे. युद्धातील जीपचा खरा रंग लष्करी हिरवट. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाने संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतरांना तो वर्ज्य केला आहे. अस्सलपणा एकीकडे ओढतो, कायदा दुसरीकडे, आणि येथे कायद्याचेच ऐकावे लागते. नागरी सीजे-३बीच्या बॉनेटवर पांढरा तारा रंगविणाऱ्यांना मात्र ही अडचण सांगण्याचा अधिकार नाही. ती गाडी युद्धावर कधी गेलीच नव्हती.

उरली कागदपत्रे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे एकाच गाडीच्या कागदांवर अनेक राजवटींचे शिक्के असू शकतात. कोल्हापूरकडे नोंदलेली जीप निपाणीत आणून बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची असेल, तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला घेऊन येथे नवा क्रमांक घ्यावा लागतो. इंजिन बदललेले असून नोंदपुस्तकात त्याचा उल्लेख नसेल, तर तो घोळ आधी निस्तरावा.

२०२१ च्या अधिसूचनेने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू झाली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी या वर्गात बसत नाही; म्हणजे मूळ भागांसाठी केलेली धडपड येथे केवळ हौस राहत नाही. या नोंदणीची गाडी प्रदर्शन, शर्यत-मेळावा, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. ज्यास दर रविवारी कोगनोळीचा नाका ओलांडून कागल-कोल्हापूरकडे जावयाचे आहे, त्याने साधी नोंदणीच योग्यता-प्रमाणपत्रासह चालू ठेवावी.