नाणे पाडलेले की ओतलेले?

मेटल डिटेक्टरच्या तबकडीतील तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह सोडला की त्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्यात आलेल्या धातूच्या अंगात भोवरी प्रवाह, म्हणजे आतल्या आत गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते. यंत्राला धातूचा अंदाज येतो, काळाचा नाही. तो मातीच्या थरांवरून लावावा लागतो. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ २०१० साली एका हौशी शोधकाला नाण्यांनी भरलेला रांजण लागला, तेव्हा त्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी थराथराने उपसलेल्या ५२,५०३ रोमन नाण्यांपैकी कॅरॉसियस या बंडखोर सम्राटाची, म्हणजे सर्वांत उशिराच्या काळातली, बहुतेक नाणी अर्ध्याहून खाली सापडली; त्यामुळे हा वर्षानुवर्षे साठवलेला संचय नसून रांजण एकाच वेळी भरला गेला असावा, हे कळले.

बाजारातल्या नाण्याला अशी साक्ष नसते, म्हणून त्याचे अंगच तपासावे लागते. जुनी नाणी बहुतांशी ठशांमध्ये धातूची चकती ठेवून, घाव घालून पाडलेली असतात. नकला मात्र पुष्कळदा ओतीव असल्याने त्यांवर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेला साच्याचा सांधा दिसतो. हाताने पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असली तरी तंतोतंत जुळत नाहीत. दोहोंवर एकच ओरखडा एकाच जागी असेल, तर निदान एक तरी ओतीव आहे, आणि याहून पक्का पुरावा क्वचितच मिळतो. वजनही बोलके असते: शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो, तर त्याच आकाराची, पितळेवर मुलामा चढवलेली प्रतिकृती निम्म्याहूनही हलकी असते.

केवळ विद्रूपतेवरून मात्र नाणे खोटे ठरवता येत नाही. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेल्या, क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली आहे. नवख्याला ती बिघडलेली वाटतील, पण एका सत्तेने दुसरीला हटवल्याचा पुरावा त्या गोंधळातच आहे. असे धन आज कोणाला सापडले, तर ते दहा रुपयांहून अधिक मोलाचे असल्यास (ही रक्कम अर्थात त्या काळची) १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.