चोंदलेली कोटरे आणि फुग्याचा उपचार

नाक चोंदले, कपाळ जड झाले की ‘मला सायनस झाला आहे’ असे म्हणण्याचा प्रघात आता खेड्यापाड्यांतूनही पडला आहे. वस्तुतः सायनस हे रोगाचे नाव नव्हे. नाकाच्या सभोवतालच्या हाडांत निसर्गतः ज्या हवेने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणजेच कोटरे म्हणतात. कोटरांच्या चार जोड्या आहेत. एक गालाच्या हाडांत, दुसरी कपाळात, तिसरी नाक व डोळे यांच्या मधल्या जाळीदार हाडात आणि चौथी नाकाच्या अगदी मागे, कवटीच्या तळाशी. विकार होतो तो या कोटरांच्या अस्तराला सूज येऊन. आणि पुष्कळदा त्या विकाराचे मूळ कोटरात नसून त्याच्या दारात असते.

प्रत्येक कोटर एका अरुंद दाराने नाकात उघडते. आतल्या अस्तरातून सतत पातळ चिकट स्राव पाझरतो व अस्तरावरील अतिसूक्ष्म केस तो दाराकडे लोटीत नेतात. घराच्या मोरीचे भोक आपण जमिनीलगत ठेवतो; गालाच्या कोटराचे दार मात्र जणू छतालगत, वरच्या अंगाला असते. म्हणून उभ्या माणसात हा स्राव आपोआप गळून जात नाही, तो वर चढवावा लागतो. कोटराच्या तळाशी दुसरे भोक पाडून दिले तरी ते सूक्ष्म केस स्राव आपल्या मूळ दाराकडेच नेतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील डॉ. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी गेल्या शतकात केलेल्या अभ्यासाने ही गोष्ट प्रस्थापित झाली. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील उपचारांचा अर्थ उलगडतो.

उज्जैन येथे क्षिप्रातीरी भरणाऱ्या सिंहस्थाला महाराष्ट्रातून असंख्य भाविक जातात. शिंदे सरकारच्या काळापासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे उतरणारे पाहुणेही त्यांत असतात. २०१६ सालचा मेळा २२ एप्रिल ते २१ मे असा ऐन उन्हाळ्यात भरला होता. पुढील मेळा २०२८ सालचा. धूळ, धुनींचा धूर आणि लाखोंचा सहवास यांमुळे कित्येक जण प्रसादाबरोबर सर्दीही घेऊन परततात. ही सर्दी बहुधा विषाणूंची असते. सुजेने कोटरांची दारे मिटतात आणि साधारणतः आठ-दहा दिवसांत पुन्हा उघडतात. अशा वेळी वाफारा, विश्रांती व भरपूर पाणी पुरते. जंतुनाशक गोळ्यांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. नाक चोंदणे, घट्ट पिवळट स्राव, चेहऱ्यावर दाब व वास न येणे यांपैकी लक्षणे बारा आठवड्यांहून अधिक टिकली, तरच त्या विकाराला जुनाट म्हणतात.

जुनाट विकारामागे धूळ किंवा परागांची ॲलर्जी, चुलीचा व विडीचा धूर, नाकाचा वाकडा पडदा, क्वचित वरच्या किडक्या दाढेचे मूळ अशी कारणे असतात. दाढेचे कारण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असता रुग्ण वर्षानुवर्षे नाकाचेच औषध घेत राहतो.

पूर्वी औषधांनी न हटणाऱ्या विकारावर १८९३ साली न्यूयॉर्कचे कॉल्डवेल व १८९७ साली पॅरिसचे ल्यूक यांनी स्वतंत्रपणे वर्णिलेली शस्त्रक्रिया करीत. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वरचे हाड फोडावयाचे आणि कोटर खरवडून काढावयाचे, असा तो मार्ग होता. पुढे दुर्बिणीच्या साहाय्याने नाकातूनच मूळ दार मोकळे करण्याची पद्धत आली व १९८० नंतरच्या दशकात ती सर्वत्र पसरली. फुग्याची कल्पना मात्र हृदयाच्या उपचारातून आली. १९७७ साली झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी बारीक फुग्याने रुंदावली होती. त्याच तत्त्वावरील कोटरांच्या फुग्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली मान्यता दिली.

या उपचारात नाक बधिर करून अथवा रुग्णाला पूर्ण भूल देऊन दुर्बिणीच्या देखरेखीखाली एक लवचीक तार कोटराच्या दारातून आत सरकवितात. काही तारांच्या टोकाला दिवा असतो. गालावर किंवा कपाळावर त्याचा उजेड दिसला की तार योग्य कोटरात पोहोचल्याची खूण पटते. तारेवरून मिटलेला फुगा दारापर्यंत नेतात व त्यात पाणी भरून काही सेकंद फुगवितात. फुगल्यावर त्याची रुंदी अवघी ५ ते ७ मिलिमीटर असते. तेवढ्याने दाराभोवतीचे पातळ हाड बारीक तडकून बाजूस सरते आणि दार रुंद होते. त्यानंतर फुगा काढून घेतात व कोटर धुऊन काढतात. काहीही कापून काढावे लागत नसल्याने अस्तर बव्हंशी शाबूत राहते, रक्तस्राव थोडा होतो आणि पुष्कळसे रुग्ण एक-दोन दिवसांत कामाला लागतात.

परंतु हा उपचार सर्वांसाठी नाही, आणि जाहिरातीत नेमके हेच सांगितलेले नसते. डोळ्यांच्या मधली जाळीदार कोटरे म्हणजे लहान लहान कप्प्यांचा समूह. तेथे फुगा चालत नाही. नाकात मोठे कोंब वाढले असतील तर ते काढावेच लागतात. अमेरिकेतील नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, ज्यांना लक्षणे नाहीत व सीटी स्कॅनमध्येही विकार दिसत नाही त्यांना, तसेच केवळ डोकेदुखीसाठी, हा उपचार करू नये, असे म्हटले आहे. अर्धशिशीलाच सायनस समजणारे लोक थोडेथोडके नाहीत. त्यांचे दार कितीही रुंद केले तरी डोके दुखायचे ते दुखतेच, पैसा मात्र जातो.

मधुमेही रुग्णांनी तर अधिक सावध असावे. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात व मध्य प्रदेशातही हाहाकार उडविला. उज्जैनपासून सुमारे ५५ किलोमीटरवरील इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात या रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने दाखल झाले होते. या बुरशीची सुरुवात बहुधा नाक व कोटरांतूनच होते. गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. येथे फुग्याचा उपयोग नाही. सडलेला भाग तातडीने काढावा लागतो, आणि विलंबाने डोळा किंवा प्राणही जाऊ शकतो.

फुग्याचा विचार करण्यापूर्वी काही आठवडे नाकात फवारण्याचे औषध नियमित घेऊन व मिठाच्या पाण्याने नाक धुऊन पाहावयाचे असते. त्यानंतरही त्रास राहिला तर सीटी स्कॅन करून निर्णय घेतात. आपल्याकडील जलनेती ही याच धुण्याची जुनी रीत होय. त्यासाठी पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच घ्यावे. नदी, विहीर किंवा नळ यांच्या न उकळलेल्या पाण्यात क्वचित असा अमीबा असतो, की तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेतो. क्षिप्रेचे तीर्थ मस्तकी घ्यावे. घरी आणलेल्या गडूतील तीर्थाने नेती करू नये.

खर्चाचेही थोडे सांगितले पाहिजे. फुगा एकदाच वापरावयाचा असल्याने हा उपचार स्वस्त नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ज्या बारा आधुनिक उपचारांना विम्यातून वगळता येणार नाही असे ठरविले, त्यांत याचा समावेश केला. परंतु रकमेवर मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना ठेवली. आपल्या विमापत्रातील मर्यादा आधी वाचून घ्यावी व रुग्णालयाकडून फुग्याची किंमत वेगळी लिहून मागावी. उपचारानंतर आठवडाभर नाक जोराने शिंकरू नये, जड ओझे उचलू नये आणि ठरलेल्या दिवशी तपासणीस जावे. ॲलर्जी असलेल्यांनी फवाऱ्याचे औषध पुढेही चालू ठेवावयाचे असते, कारण फुगा दार रुंद करतो, ॲलर्जी घालवीत नाही.