बेसन खमंग हवं, करपलेलं नको

मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात एका स्नेह्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं आम्हाला गाठलं. "काका, तुम्ही केमिकल प्लँटमध्ये ना? म्हणजे पोल्यूशनच करता!" हातात बेसनाचा लाडू होता, तोच मदतीला धावला.

बेसन खमंग भाजलं की गॅस बंद करायचा, नाहीतर करपतं. आमचं काम नेमकं तेच. इथिलीन वायूला ऑक्सिजनचा एकच अणू चिकटला की इथिलीन ऑक्साइड होतं. त्यापासून ग्लायकॉल, म्हणजे तुमच्या गाडीतलं अँटिफ्रीझ आणि आईच्या पॉलिएस्टर साडीचा धागा. पण वाट चुकली की सगळं जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. योग्य वाटेवर ठेवण्याच्या या गुणाला आम्ही सिलेक्टिव्हिटी म्हणतो, आणि ते जमतं चांदीला. लफोर या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९३१ मध्ये हे दाखवलं. हो, आजीच्या वाटीतली चांदीच, फक्त अल्युमिनाच्या गोळ्यांवर बारीक कणांत पसरलेली.

जुनी पुस्तकं म्हणत, इथिलीनच्या सात रेणूंतले फार तर सहा साधतील, सातवा जळणारच. चांदीत सीझियम, ऱ्हेनियम किंचित मिसळल्यावर ती मर्यादा मागे पडली. आता हिशेब बघा. शंभरातले ऐंशी साधले तर टनभर मालामागे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड. नव्वद साधले तर पाव टनाहून कमी. धुराड्यावर काही न बसवता!

मात्र ही चांदी भारी नखरेल. तिला क्लोरिनयुक्त वायू लागतो, तोही दहा लाखांत काही भाग. कमी पडला तर जळणं वाढतं, जास्त झाला तर ती सुस्तावते. नवा कॅटॅलिस्ट भरल्यावर आम्ही ही मात्रा शोधत होतो आणि वरून रोज फोन, "टनेज कधी वाढणार?" तापमान चढवलं की माल जास्त निघतो, पण करपतंही जास्त. एका रात्रपाळीत आम्ही मान तुकवली. सकाळच्या कागदावर दोन्ही आकडे वाढलेले होते, वरच्यांनी पहिलाच वाचला. दुसऱ्या दिवशी आम्ही तापमान उतरवलं आणि बोलणी खाल्ली.

"म्हणजे थोडं पोल्यूशन करताच," ती म्हणाली. करतोच. शिवाय इथिलीन ऑक्साइड स्वतःच कॅन्सरकारक, गळती होऊन चालत नाही, तेही सांगितलं. आता तिला प्लँट बघायचाय. परवानगीचा अर्ज आम्ही कालच दिला.